संदर्भ नाही म्हणून काढलेली ओळ

सिस्टर: नाही म्हणजे नाही, मास्तर. आपल्या इंटरनेटवरच्या कोशातले बदल लपवायचं बटण मला दिलंय ते कुणी लेखात शिव्या घातल्या तर झाकायला, नाहीतर कुणाचा फोन नंबर, घरचा पत्ता टाकला तर झाकायला. तुम्ही जन्मात कुणाला अरे-तुरे केलं नसेल. तुमचं मी काय लपवू?

मास्तर: एकच बदल आहे, सिस्टर. एका ओळीचा.

सिस्टर: कुठल्या लेखातला?

मास्तर: आधी हो म्हणा.

सिस्टर: वा! बाटलीवरचं नाव न वाचता औषध सलाइनमध्ये सोडू? तीस वर्षं वॉर्डात काढली, तेव्हा केलं नाही ते आता करू? आणि वहिनी गेल्यापासून दहा आठवडे तुमचा पत्ता नाही. दर रविवारी या टेबलाशी तुमची खुर्ची रिकामी ठेवून बसतो आम्ही. फार्मसीवाला म्हणतो, कात्रीवाले मास्तर नाहीत, तर लेखांना रान मोकळं झालंय. आणि आज उगवलात ते थेट, सिस्टर, बदल लपवा! आधी बसा. पाणी प्या. केवढे वाळलात.

मास्तर: बाकीचे किती वाजता येतील?

सिस्टर: आज कुणी नाही. फार्मसीवाल्याचा दुकानात माल यायचाय, त्या दोघी मुलींची परीक्षा चालू आहे. मी एकटीच दम्याच्या लेखातली वाक्यं सोपी करत बसणार होते. वाचनालयाच्या बाई खाली आहेत, त्या गुडघ्यांमुळे जिना चढत नाहीत. तेव्हा जे असेल ते मोकळेपणानं बोला.

मास्तर: लेक येणार आहे बाराला. घरी सामान गाडीत भरतेय. इथून मला उचलणार आणि तिच्या गावी घेऊन जाणार.

सिस्टर: किती दिवस?

मास्तर: दिवस नाही. कायमचं.

सिस्टर: असं होय. म्हणून आज आलात. निरोप घ्यायला.

मास्तर: निरोप घ्यायला नाही. खोटं कशाला बोलू. त्या बदलासाठीच आलो.

सिस्टर: तुम्ही पण ना. माणसानं एवढं खरं बोलू नये, समोरच्याला वाईट वाटतं. बरं, सांगा.

मास्तर: काल जेवताना ती म्हणाली, बाबा, आईला नेमकं काय झालं ते मला नीट समजून घ्यायचंय. तुमच्या त्या इंटरनेटवरच्या कोशातला हृदयविकाराचा लेख मी वाचणार आहे. तुम्हीच लिहिलाय ना? म्हटलं, लिहिला नाही गं, तपासला. लिहिणारे पंचवीस जण असतील. तर म्हणाली, कुणी कधी काय बदललं ते सगळं त्यात दिसतं ना? मग तुमच्या नावाचे बदल मी एकेक करून बघणार.

सिस्टर: मग बघू दे की! अभिमान वाटेल पोरीला. माझा भाऊ मला म्हणतो, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस. निदान तुमच्या घरात कुणीतरी... थांबा. त्याच लेखातला बदल लपवायचाय?

मास्तर: हो.

सिस्टर: हृदयविकाराच्या?

मास्तर: त्याच.

सिस्टर: तो तर आपला सगळ्यात देखणा लेख, मास्तर. आपल्या पाच जणांच्या गटाचा तो एकटाच निवडक झाला. पहिल्या पानावर आठवडाभर होता. टाळ्या वाजवल्या होत्या आपण इथे, बाई खालून ओरडल्या, वाचनालय आहे म्हणून.

मास्तर: निवडक व्हायच्या चार दिवस आधीचा बदल. तारीख चौदा.

सिस्टर: उघडते. इतिहास... चौदा... अहो, इथे तुमचे एकोणीस बदल आहेत त्या दिवसाचे. कुठला?

मास्तर: सकाळी अकरा वाजून सात मिनिटं.

सिस्टर: पाठ आहे होय? हा बघा. डावीकडे जुनं, उजवीकडे नवं. काढलेली ओळ... ‘बायकांमध्ये छातीत न दुखताही झटका येऊ शकतो, जबडा, मान किंवा पाठ दुखणे, मळमळ, दम लागणे, एकाएकी गळून जाणे एवढीच लक्षणे असू शकतात.’ बदलाचा सारांश, संदर्भ नाही, काढले. सही तुमची.

मास्तर: हं.

सिस्टर: मास्तर, वहिनींना काय झालं होतं? तुम्ही आम्हाला सगळ्यांना सांगितलंत, अचानक गेली. मी पुढे विचारलं नाही. काय होत होतं त्यांना?

मास्तर: दात दुखत होता.

सिस्टर: आई गं.

मास्तर: खालचा, डावा. चार वाजता चहा घेताना म्हणाली, जबड्यात कळ येतेय. मी म्हटलं, दाढ किडली असणार, तुला किती दिवस सांगतोय दाखवून ये. दातांच्या डॉक्टरांना फोन केला, साडेपाचला या म्हणाले. मग तिला मळमळायला लागलं. पलंगावर बसली आणि म्हणाली, अहो, तुमच्या त्या लेखात बघा ना जरा, हृदयाचं तर काही नसेल? तिला शंका आली होती, सिस्टर. मला नाही आली. तिला आली होती.

सिस्टर: आणि तुम्ही लेख उघडलात.

मास्तर: मोठ्यानं वाचून दाखवला. लक्षणांचा भाग. छातीच्या मध्यभागी दाब. तिला विचारलं, आहे का? नाही म्हणाली. डाव्या हातात कळ? नाही. दरदरून घाम? नाही. वर्गात हजेरी घ्यावी तसं एकेक विचारलं मी तिला. आणि म्हटलं, मग हृदय नाही. दातच आहे.

सिस्टर: आणि तेव्हा तुम्हाला ही ओळ...

मास्तर: नाही आठवली. सात महिन्यांपूर्वी तिथूनच मी ती काढली होती, हे मला आठवलं नाही. तुम्ही म्हणाल, कसं शक्य आहे. मीही स्वतःला रोज विचारतो. मी कितीतरी ओळी काढल्यात, सिस्टर. एकही लक्षात नाही. मी तो लेख असा वाचला, जणू दुसऱ्या कुणा मोठ्या तज्ज्ञानं लिहिलाय. केवढा विश्वास ठेवला मी त्याच्यावर!

सिस्टर: पाणी घ्या. घ्या म्हणते ना. मग?

मास्तर: मग काय. चालत निघालो. दातांचा दवाखाना लांब नाही. वाटेत ते मोठं रुग्णालय लागतं. त्याच्या फाटकासमोर बसथांबा आहे, त्या बाकावर ती बसली दोन मिनिटं. दम लागला म्हणाली. फाटक उघडं होतं. आत एक रुग्णवाहिका उभी होती, तिचा ड्रायव्हर काच पुसत होता. आणि मी हिला म्हटलं, ऊठ, चल, आपला नंबर जाईल.

सिस्टर: मास्तर...

मास्तर: नंबर जाईल म्हटलं मी. दवाखान्यात तिसरा नंबर होता आमचा. दुसरा आत गेला आणि ती माझ्या खांद्यावर कलंडली. मला वाटलं, डोळा लागला. तो दातांचा डॉक्टर बिचारा बाहेर धावत आला, त्यानंच छाती दाबली, त्यानंच गाडी बोलावली. त्याच फाटकातून आत नेली तिला. तोपर्यंत काही उरलं नव्हतं.

सिस्टर: हे तुम्ही एकट्यानं पोटात ठेवलंत? दहा आठवडे?

मास्तर: कुणाला सांगणार? काय सांगणार? तुम्हीच बघा ना चर्चेच्या पानावर. त्या माणसाला मी काय लिहिलंय ते वाचा.

सिस्टर: कुठल्या माणसाला?

मास्तर: ज्यानं ती ओळ घातली होती. खातं नव्हतं, नावाच्या जागी नुसता आकडा. वाचा. मोठ्यानं वाचा.

सिस्टर: ‘मी टाकलेली ओळ का काढली? माझ्या बहिणीचं असंच झालं. सगळे पित्त पित्त म्हणत राहिले. मी स्वतः पाहिलं आहे. कृपा करून ठेवा.’ आणि तुमचं उत्तर, ‘आपल्या दुःखाबद्दल सहानुभूती आहे. तथापि, वैयक्तिक अनुभव हा संदर्भ होऊ शकत नाही. विश्वसनीय स्रोत द्यावा.’

मास्तर: द्यावा. ज्याची बहीण गेली त्याला मी सांगतोय, द्यावा. ‘तथापि’ लिहून. तो परत आलाच नाही.

सिस्टर: हे बघा. नियम चूक नाही. दोन महिन्यांपूर्वी कुणीतरी घातलं होतं, पपईच्या पानांनी कर्करोग विरघळतो म्हणून. तेही म्हणत होते, आम्ही स्वतः पाहिलंय. ते काढायलाच लागतं. तुम्ही दहा वर्षं अशी घाण काढलीत म्हणून लोक वाचतात आपले लेख.

मास्तर: नियम मला सांगू नका, मीच लिहिलेत ते. आपल्या गटाचा ठराव काय होता? शंकास्पद ओळ दिसली की आधी ‘संदर्भ हवा’ची खूण लावायची. आठवडाभर सगळ्यांनी शोधायचं. नाहीच मिळालं तर मग कात्री. बरोबर?

सिस्टर: बरोबर.

मास्तर: मी खूण लावली नाही. का लावली नाही, सांगू? लेख निवडक व्हायचा होता. परीक्षण चालू होतं. लेखात एक जरी खूण राहिली तर निवड लांबते. त्या एका ओळीसाठी आठवडा घालवायचा नव्हता मला. लेख स्वच्छ दिसायला हवा होता, बस. पाहुणे यायच्या आधी पसारा उचलून माळ्यावर फेकतात, तसं केलं मी. आणि पहिल्या पानावर आल्यावर हिला हाताला धरून संगणकासमोर बसवलं. बघ म्हटलं, एक डाग नाही.

सिस्टर: काय म्हणाल्या वहिनी?

मास्तर: म्हणाली, छान दिसतोय हो. तुमच्या अक्षरासारखा.

सिस्टर: (डोळे पुसते.)

मास्तर: तुम्ही रडू नका. तुम्ही रडलात तर माझं अवघड होईल.

सिस्टर: रडू नको तर काय करू? तुम्हाला वाटतंय तुम्ही एकटेच आहात यात. हे बघा, इकडे या, या दुसऱ्या यादीत. तुमच्या त्या अकरा सातच्या बदलाला कुणाचं तरी ‘धन्यवाद’ गेलंय. नाव वाचा.

मास्तर: तुमचं.

सिस्टर: माझंच. परीक्षण माझ्याकडे होतं. मी संध्याकाळी भाजी चिरता चिरता फोनवर तुमचे एकोणीसच्या एकोणीस बदल उघडले आणि एकोणीस वेळा धन्यवाद दाबलं. वाचलं नाही. मास्तरांनी केलंय म्हणजे बघायला नको. मास्तर, मला ती ओळ पाठ होती हो! पुस्तकातून नाही. आमच्या वॉर्डात बाया यायच्या, कुणी पाठ धरून, कुणी पोट धरून, कुणी नुसती, सिस्टर, मला कसंतरी होतंय म्हणत. आम्ही आधी ईसीजी काढायचो, मग नाव विचारायचो. नव्या पोरींना मी ओरडून ओरडून शिकवलंय ते. आणि तुमच्या शेजारच्या खुर्चीत मी बसलेली, आणि तुम्ही लिहिताय, संदर्भ नाही! काखेत कळसा आणि गावाला वळसा. विचारलं असतंत मला एकदा.

मास्तर: तुमचाही अनुभवच झाला असता. स्रोत द्यावा म्हटलं असतं मी.

सिस्टर: म्हटलं असतंत. तुम्ही म्हटलंच असतंत. पण मी दिला असता.

मास्तर: चार मिनिटं लागतात.

सिस्टर: कशाला?

मास्तर: संदर्भ सापडायला. ती गेल्यावर सातव्या की आठव्या दिवशी मी बसलो. घड्याळ समोर ठेवून. चार मिनिटं. मोठ्या अभ्यासाचा, चांगल्या नियतकालिकातला, आपल्या सगळ्या नियमांत बसणारा. हा बघा, छापून घेतलाय. खिशात घेऊन फिरतोय.

सिस्टर: मऊ पडलाय कागद. म्हणजे ओळ परत घातलीत ना तेव्हा? लेखात दिसत नाहीये मला.

मास्तर: नाही घातली.

सिस्टर: नाही घातली?

मास्तर: हात होत नाही. ती ओळ परत आली की इतिहासात ते सगळं वर येणार. काढणारा मी, घालणारा मी, आणि मधल्या तारखांत ही गेलेली. लेकीला एका नजरेत कळेल. म्हणून म्हटलं, आधी तो जुना बदल तुम्ही लपवा, मग मी...

सिस्टर: दहा आठवडे, मास्तर! रोज किती लोक उघडतात हा लेख?

मास्तर: दोनशे वीस, दोनशे तीस.

सिस्टर: आकडा ठाऊक आहे!

मास्तर: रोज बघतो. रोज उघडतो, रोज बंद करतो.

सिस्टर: आणि त्यातली एखादी बाई असेल जबडा धरून बसलेली. एखाद्या नवऱ्यानं वाचून दाखवलं असेल तिला. डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? मला तुमची दया येतेय, पण रागही येतोय, आणि दोन्ही एकदम आलं की मला धड बोलता येत नाही. सरका. खुर्ची पुढे घ्या. कागद इथे ठेवा. तुम्ही सांगा, मी टंकते.

मास्तर: नको.

सिस्टर: मग तुम्ही टंका.

मास्तर: सिस्टर, आधी ते लपवायचं...

सिस्टर: ऐका माझं. बटण माझ्यासमोर आहे. दोनदा दाबायचं, झालं. तुमचं झाकलं जाईल आणि माझं धन्यवादही कुणी धुंडाळायला जाणार नाही. मला मोह होत नाही असं समजू नका. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? तुमची लेक काही वाचणार नाही. बरं. मग? उद्यापासून तिच्या घरात, तिच्या समोरच्या ताटावर बसून तुम्ही रोज काय करणार?

मास्तर: गप्प बसेन. आत्ताही तेच करतो. तिला वाटतं चूक तिची आहे.

सिस्टर: तिची कशी? ती तर तिथे नव्हती.

मास्तर: पाच वाजता, निघायच्या आधी, हिनं तिला फोन लावला होता. मी आत कपडे बदलत होतो. लेक सांगते, आई म्हणाली दात दुखतोय, तर मी म्हटलं एक दुखायची गोळी घे आणि पड. मी रुग्णालयात जा म्हणायला हवं होतं, बाबा, मी नाही म्हटलं. इथे माझ्याकडे आल्यापासून रोज सकाळी चहाचा कप पुढे ठेवून हेच. मी नाही म्हटलं, बाबा.

सिस्टर: आणि तुम्ही काय म्हणता?

मास्तर: काही नाही. पाठीवरून हात फिरवतो.

सिस्टर: शाब्बास.

मास्तर: बोला. काय बोलायचं ते बोला.

सिस्टर: काय बोलू? तुमच्या वाटचं ओझं ती पोर वाहतेय आणि तुम्ही पाठीवरून हात फिरवताय. मास्तर, मी तुमचा राग करू शकत नाही, पण हे वाईट आहे. ती ओळ काढलीत ती चूक झाली. माणूस चुकतो. वहिनींना वाचून दाखवलंत तेही भलेपणानं. पण हे जे रोज सकाळी करताय ना, हे कळून करताय.

मास्तर: मला तिच्याशिवाय कुणी नाही आता. तीही गेली तर?

सिस्टर: ते मी नाही सांगू शकत. जाईलही. आता हा घ्या कागद. टंका.

मास्तर: ‘बायकांमध्ये छातीत न दुखताही’... डोळ्यांपुढे अक्षरं हलताहेत. तुम्ही करा.

सिस्टर: आधी तुमचा पासवर्ड टाका, मग वाक्य मी घालते, संदर्भ मी जोडते. त्याच्याच शब्दांत ठेवते, त्या बहिणीच्या भावाच्या. त्याचं एक अक्षर बदलायचं नाही. झालं. आता बदलाचा सारांश. तो तुमच्या नावानं जाणार, तो तुम्ही सांगा.

मास्तर: लिहा, ‘ही ओळ मी खूण न लावता, संदर्भ न शोधता काढली होती. माझी चूक.’

सिस्टर: एवढंच?

मास्तर: त्या जागेत शब्दांना मर्यादा आहे. एवढंच मावतं.

सिस्टर: जतन करा. हे तुम्हीच दाबा. माझा हात लागायचा नाही याला.

मास्तर: दाबलं.

(जिन्यावर चपलांचा आवाज. दार ढकललं जातं.)

लेक: बाबा, झालं का? गाडी मी कुणाच्या तरी फाटकासमोर लावलीय, तो माणूस आत्ताच एकदा बाहेर डोकावून गेला. तुमचा चष्म्याचा दुसरा जोड सापडला, आईच्या शिवणाच्या डब्यात होता. सिस्टरमावशी, बऱ्या आहात ना? काय झालं? दोघांचे चेहरे असे का?

सिस्टर: ये गं. बस जरा.

लेक: बसत नाही, तो माणूस ओरडेल. बाबा?

मास्तर: बस, बाळा. ओरडू दे त्याला.

सिस्टर: मी खाली जाऊन सांगते त्याला गाडीचं.

लेक: थांबा, मावशी. कुणी जाऊ नका. काय आहे पडद्यावर? हा तोच लेख ना?

मास्तर: तोच. तू बघणार होतीस ना माझे बदल. हा एक बघ. डावीकडे होती ती ओळ. उजवीकडे नाही. ती मी काढली. आई जायच्या सात महिने आधी. वाच.

लेक: ‘...जबडा, मान किंवा पाठ...’

मास्तर: तू रोज म्हणतेस तुझी चूक. तुझी नाही. त्या दिवशी चार वाजता आईनं मला विचारलं, हृदयाचं तर नसेल? मी हा लेख तिला वाचून दाखवला. ही ओळ त्यात नव्हती, कारण मी ती काढली होती. मी तिला सांगितलं, दातच आहे. मी. तू गोळी घे म्हणालीस त्यानं काही झालं नाही. तू कितीही सांगितलं असतंस तरी मी तिला सांगून ठेवलं होतं. दहा आठवडे मी तुला हे बोललो नाही. मला भीती वाटली. तुला नसेल न्यायचं मला, तर सामान उतरवू. मी राहीन इथे. काहीतरी बोल.

लेक: कधी काढली म्हणालात? सात महिने आधी?

मास्तर: हो.

लेक: तुम्ही? दुसऱ्या कुणी नाही?

मास्तर: मीच. सही आहे बघ.

लेक: मला वाटलं होतं, दुसऱ्या कुणाची तरी चूक सापडेल. म्हणून बघणार होते. पंचवीस जणांनी लिहिलाय म्हणालात ना काल, तर म्हटलं, त्यातला कुणीतरी मूर्ख असेल, ज्यानं नीट लिहिलं नाही. आणि तुम्ही बिचारे विश्वास ठेवून वाचून दाखवलंत. तो माणूस मला तुम्हाला दाखवायचा होता.

मास्तर: वाचून दाखवलं, हे तुला... तुला कुणी सांगितलं?

लेक: आईनं.

सिस्टर: फोनवर?

लेक: हो, मावशी. गोळी घे असं मी म्हटलंच नव्हतं. जबडा म्हणाली, मळमळ म्हणाली, मी घाबरलेच. आमच्या ऑफिसात एका बाईचं असंच झालं होतं मागच्या वर्षी. मी म्हटलं, आई, आत्ताच्या आत्ता रुग्णालयात जा. ओरडले मी तिच्यावर. ऑफिसात सगळे माना वळवून बघायला लागले इतकी ओरडले.

मास्तर: मग तू रोज मला ते गोळीचं का...

लेक: मग काय सांगू तुम्हाला? तुमच्यामुळे ती रुग्णालयात गेली नाही असं सांगू? तुम्ही जेवत नव्हता, झोपत नव्हता. म्हटलं, माझ्यावर घेतलं तर चालेल. मला नवरा आहे, मुलं आहेत, मला विसरायला जागा आहे. तुम्हाला कुठे आहे?

मास्तर: बाळा...

लेक: हात नका लावू आत्ता. थांबा जरा. मला राग आलाय, बाबा. ती ओळ तुम्हीच काढलीत हे मला माहीत नव्हतं. मला खूप राग आलाय. न्यायचं तुम्हाला नेणारच आहे, पण आज वाटेत माझ्याशी बोलू नका.

मास्तर: नाही बोलणार.

सिस्टर: तिनं ऐकलं का नाही गं तुझं? एवढी ओरडलीस तू.

लेक: हसली ती. म्हणाली, तुझ्या बाबांनी बघितलंय, आता कसली भीती.